जुन्या घड्याळाची तबकडी बदलावी की तशीच ठेवावी?

घड्याळवेडी
मंडळी, एका गोष्टीवर आमच्या घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारते. आमच्याकडे अँसोनिया या अमेरिकन कंपनीचं एक भिंतीवरचं घड्याळ आहे. वर अष्टकोनी चौकट, खाली लोलकाची काचेची खिडकी, जुन्या शाळा-कचेऱ्यांत असायचं तसलं. मशीन ठणठणीत आहे, पण कागदी तबकडीची पार रया गेली आहे. चार ते आठचे आकडे जवळजवळ पुसलेत. किल्लीच्या भोकांभोवती कागद झिजून खालचा जस्ताचा पत्रा दिसतो आणि मधोमध तेलाचा पिवळा डाग पसरलाय. नवरा म्हणतो, नवी तबकडी छापून वर चिकटवू, म्हणजे घड्याळ पुन्हा घड्याळासारखं दिसेल. मी म्हणते, तिला हात लावायचा नाही.

आम्ही दोघं ठाण्याला नौपाड्यात राहतो आणि वेड दोघांनाही सारखंच आहे. लग्न झाल्यावर सोफ्याच्या आधी घरात गुस्ताव बेकरचं जर्मन घड्याळ आलं. आता हॉलच्या दोन भिंती भरल्यात. जर्मन युंगहान्स आहेत, एक जपानी सेइकोशा आहे, गजराची तर कितीतरी. रविवारी सकाळी चहा झाला की सगळ्यांना चावी द्यायची. चालीची बाजू, म्हणजे काटे चालवणारी, तो देतो, टोल्याची मी. खरेदीवरून आमचं कधी वाजत नाही, दुरुस्तीवरून मात्र दर वेळी वाजतं. जाणकारांनी सांगा, कुठपर्यंत दुरुस्त करायचं आणि कुठे थांबायचं?

लोलक
ताई, चिकटवू नका, एवढं आधी सांगतो. अमेरिकन घड्याळांत जस्ताच्या पत्र्यावर कागदी तबकडी चिकटवायची पद्धत सर्रास होती, त्यामुळे तुमची कागदी आहे यात नवल नाही. एकदा वर नवा कागद डकवला की खालचा कायमचा गेला. ओल्या फडक्यानेही पुसू नका, उरलेली शाई उचलली जाईल. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली तरी पुरे.

मशीनच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव आहे का? अँसोनिया मूळची कनेक्टिकटची, मग न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये कारखाना काढला. नंतरच्या मशीनवर 'न्यूयॉर्क' असं असतं. 1929 मध्ये कंपनीची यंत्रसामग्री सोव्हिएत सरकारने विकत घेतली आणि मॉस्कोत घड्याळं बनवायला लागले. म्हणजे खरं अँसोनिया असेल तर त्याची शंभरी जवळपास झालीच. पत्र्यावर पेटंटची तारीख दिसली तर तेच बनवल्याचं साल समजू नका. पेटंट एकदाच मिळायचं, ठसा पुढे वर्षानुवर्षं तोच.

जांभळीनाका
मी दादांच्या बाजूने. घड्याळ ही वापरायची वस्तू आहे. आकडेच दिसत नसतील तर ते भिंतीवर कशाला? माझ्या आजोबांच्या घड्याळाची तबकडी बदलली, लाकडाला पॉलिश केलं, आज घरातली लहान मुलंसुद्धा त्यात वेळ बघतात. माळ्यावर पडलं असतं त्यापेक्षा हे बरंच.

घड्याळवेडी
@लोलक, हो, 'न्यूयॉर्क' आहे. पण तबकडीवर कंपनीची खूण नाही. पुसली गेली असेल असं मी धरून चालले होते.

@जांभळीनाका, पॉलिश हा शब्द काढलात आणि नवऱ्याने लगेच मान डोलावली! जुन्या लाकडावर जी एक काळपट झाक येते ती पॉलिशपेपरने घासली की परत येत नाही हो. आम्ही मेणाचा पातळ हात देतो, तेवढंच.

अर्धा_चहा
टोल्याची बाजू बायकोकडे, हे वाचून आमच्या घरी सगळे हसले. आमच्याकडे घड्याळ नाही, पण वाटणी तीच आहे.

खाडीपल्याड
आम्हीही दोघं याच नादाचे. सानपाड्याला राहतो. तबकडीबद्दल मत देण्याआधी नवीन लोकांसाठी चोरबाजाराचं थोडं सांगतो, कारण तबकडीवरूनच सगळ्यात जास्त फसगत होते.

मटण स्ट्रीटला 'रेल्वेचं घड्याळ' म्हणून जे विकतात त्यातल्या बऱ्याच तबकड्या नव्या छापलेल्या असतात. जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचं नाव टाकतात, कधी चक्क ईस्ट इंडिया कंपनीचं, आणि कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करतात. ओळखायचं कसं? जुना कागद जिथे हात लागतो तिथे झिजतो, म्हणजे किल्लीच्या भोकांशी आणि काचेच्या कडेला. सगळीकडे एकसारखा पिवळा असेल तर समजा गडबड आहे. दुसरं म्हणजे पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं. मशीनचे स्क्रू काढून बसवलेल्या जागेशेजारी लाकडात जुनी रिकामी भोकं दिसली तर आधी तिथे वेगळं मशीन होतं. घासाघीस नंतर करा, आधी टॉर्च लावून पेटीच्या आत बघा.

ताईंच्या वर्णनातली झीज अगदी जिथे हवी तिथे आहे. माझं मत, ठेवा तशीच.

नेरूळकर
विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. सासऱ्यांनी दिलेलं टोल्याचं घड्याळ आहे. रात्री बाराला बारा टोले पडतात आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. काय करावं? बंद ठेवायला जीव होत नाही.

लोलक
नेरूळकर ताई, सोपं आहे. दोन भोकं असतील तर बहुतेक घड्याळांत उजवीकडची चावी चालीची आणि डावीकडची टोल्याची. डावीकडची देऊच नका. टोल्याची कमान (स्प्रिंग) उतरली की बहुतेक घड्याळं मुकाट चालत राहतात. बाळ मोठं झालं की पुन्हा सुरू करा. नाहीतर हातोडीच्या टोकाला नमद्याचा छोटा तुकडा लावा, आवाज निम्म्यावर येतो.

वास्तुजिज्ञासू
बंद घड्याळ घरात ठेवू नये असं म्हणतात. मी ते मनापासून पाळते. घड्याळवेडी ताई, तुमच्याकडे बंद घड्याळं आहेत का? असतील तर चालती करा किंवा देऊन टाका, असं सुचवेन.

जांभळीनाका
मग तर आमच्या सोसायटीच्या ऑफिसचं कठीण आहे.

घड्याळवेडी
@वास्तुजिज्ञासू, आहेत की. एक फोर हंड्रेड डे आहे, ज्याचं वजन खाली गोल गोल फिरतं आणि चावी वर्षातून एकदा द्यायची. त्याची वरची बारीक पट्टी तुटली आहे. केसासारखी पातळ असते आणि अगदी त्याच जाडीची मिळाली नाही तर घड्याळ वेळ धरत नाही. मिळेपर्यंत ते बंदच राहणार, पण आमच्याकडे त्याचा मान कमी नाही. काचेची घुमटी मी स्वतः पुसते. तुमच्या श्रद्धेचा आदर आहे, पण भाग नाही मिळाला म्हणून वस्तू घराबाहेर काढायची हे आम्हा दोघांना कधी पटलं नाही. याबाबतीत मात्र आमचं एकमत आहे.

घड्याळवेडा
नमस्कार. ज्याच्यावर इथे खटला चालू आहे तो मीच.

माझी बाजू नीट मांडतो. मला घड्याळ चकाचक करायचं नाही. मला ते चालतं हवं आहे, आणि चालतं म्हणजे नुसती टिकटिक नव्हे. हॉलमध्ये येणाऱ्या माणसाने त्याच्याकडे बघून वेळ सांगितली पाहिजे. आज लोक त्याच्याकडे बघतात, 'वा, जुनं आहे' म्हणतात आणि मग मोबाइल काढून वेळ बघतात. ते मला टोचतं. ज्याने ते बनवलं त्याने वेळ दाखवायला बनवलं होतं.

आणि झिजलेला भाग बदलण्यात गैर काय? मशीनमध्ये आपण तेच करतो. चाकाचा आस ज्या भोकात फिरतो ते भोक झिजून लंबगोल होतं, तेव्हा घड्याळजी तिथे पितळेचा नवा बुश ठोकतो. तो बुश मूळचा नसतो. त्यावर हिने कधी हरकत घेतलेली नाही. मग कागदावरच का?

घड्याळवेडी
कारण बुश बदलला नाही तर घड्याळ थांबतं. तबकडी नाही बदलली तरी ते चालतं. हे मी तुला घरीही सांगितलंय.

अर्धा_चहा
खुर्ची ओढून बसलोय.

खाडीपल्याड
बुशचा मुद्दा बिनतोड आहे दादा. पण त्यात एक मेख आहे. तो बुश ठोकायची पाळी बऱ्याचदा चुकीच्या तेलामुळे येते. आधीच्या मालकांनी खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गंज काढायचा फवारा, जे हाताला लागेल ते ओतलेलं असतं. तेल घट्ट होतं, त्यात धूळ बसते आणि ती पितळ खात राहते. घड्याळाचंच तेल हवं, तेही आसाच्या टोकाशी थेंबभर. दात्यांना तेल द्यायचंच नाही. तुमच्या तबकडीवरचा पिवळा डाग मला तरी अशाच कुणाच्या तरी सढळ हाताचा वाटतो.

आपल्याकडे खाडीची हवा, वर चार महिने पाऊस. कमान पोलादाची असते, तिला गंज चढला की एक दिवस चावी देताना फटकन तुटते, आणि तुटताना कधी कधी चाकाचे दातेही घेऊन जाते. आम्ही पावसाळ्याआधी प्रत्येक पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. आणि घरी मशीन खोलायची हौस असेल त्यांनी कमान पूर्ण उतरवल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये. बोटं जातील.

सातारी_ठाण्यात
तेलाबद्दल +१.

माझ्या पणजोबांचं घड्याळ 39 मिनिटं मागे लावलेलं असायचं असं वडील सांगायचे. आम्हाला वाटायचं बिघडलेलं असेल. नंतर कळलं की तो मुंबई टाइम होता! कुणाला माहिती आहे का याबद्दल?

लोलक
अगदी बरोबर आहे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती. 1 जानेवारी 1906 पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली, म्हणजे फरक बरोबर 39 मिनिटांचा. मुंबईत त्याला कडाडून विरोध झाला. सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या, पण महापालिकेने मुंबई टाइम सोडला तो थेट स्वातंत्र्यानंतर.

त्याआधी आणखी गंमत होती. प्रमाणवेळ येण्यापूर्वी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे 5 तास 21 मिनिटं. मुंबई टाइमवर घड्याळ लावून घरातून निघालेल्या माणसाच्या वेळेत आणि स्टेशनच्या वेळेत अर्ध्या तासाचा फरक. ठाण्याला तर पहिल्यापासून, 16 एप्रिल 1853 पासून, गाडी येते आहे. इथल्या जुन्या घरांमधल्या घड्याळांनी हा सगळा गोंधळ पाहिला असणार.

नेरूळकर
हे किती छान आहे! शाळेत कधी शिकवलं नाही.
आणि लोलक दादा, डावी चावी थांबवली. बाळाच्या आईचा निरोप आला, खूप आभार म्हणून.

कळव्याहून
माझ्या घड्याळात नऊ वाजता सहा टोले पडतात. घड्याळजी म्हणाला मशीन बदला. मशीन बदलायला मन होत नाही.

घड्याळवेडा
अजिबात बदलू नका. मशीन चांगलं आहे, फक्त मोजणी पुढेमागे झाली आहे. जुन्या अमेरिकन घड्याळांत टोले मोजायला खाचांचं एक चाक असतं. काटे कुठे आहेत हे त्या चाकाला कळत नाही, ते आपलं एकामागून एक मोजत जातं. कुणीतरी टोले पूर्ण पडू न देता काटे भराभर फिरवले की दोघांची फारकत होते. पेटीत खालच्या बाजूला एक वाकडी तार लोंबत असेल तर ती हलकेच वर उचला, पुढचे टोले पडतील. सात, आठ, नऊ पडेपर्यंत उचलत राहा, जुळेल. यापुढे काटा नेहमी पुढेच फिरवा आणि प्रत्येक तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या.

कळव्याहून
जुळलं!! तार होती. आई घरभर सगळ्यांना सांगत फिरतेय.

घड्याळवेडी
आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण मधल्या काळात एक नवीनच गोष्ट निघाली आहे.

काल मशीन सर्व्हिसिंगसाठी बाहेर काढलं. पेटीच्या मागच्या फळीवर, एरवी लोलकाआड झाकलेल्या जागी, पेन्सिलीने चार-पाच ओळी लिहिलेल्या दिसल्या. दुरुस्तीच्या नोंदी असाव्यात, जुने घड्याळजी तसं लिहून ठेवत. आकडे देवनागरी आहेत, पण बाकी सगळं मोडीत. अक्षर बारीक, उजवीकडे तिरपं जाणारं, आणि प्रत्येक नोंदीखाली एक आडवी रेघ. एका नोंदीवर लाकडाची भेग गेली आहे. आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो, पण एक शब्द लागला नाही. फोटो टाकला आहे. कुणाला मोडी येते का?

मोडीवाचक
येते. फोटो मोठा करून पाहिला. पेन्सिल पुसट आहे, तरी बरंच लागतंय. वरून:

पहिली ओळ, 'तेलपाणी केले.'
दुसरी, 'टोल्याची कमान नवी घातली.'
तिसरीवर भेग गेली आहे, फक्त 'तेलपाणी' एवढाच शब्द खात्रीने.
चौथी, 'तबकडी नवी बसविली.' त्यापुढे रक्कम आहे, पण आकडा वाचवत नाही.

दिवस आणि महिना दोन ठिकाणी आहेत, साल कुठेच नाही. अक्षर एकाचंच वाटत नाही. पहिल्या दोन नोंदी एका हाताच्या, शेवटची दुसऱ्याची. चौथ्या ओळीबद्दल मला शंका नाही, 'तबकडी' स्पष्ट आहे.

अर्धा_चहा
अरे बापरे.

जांभळीनाका
म्हणजे ताई ज्या तबकडीसाठी भांडत होत्या ती मूळची नाहीच! दादा जिंकले.

खाडीपल्याड
म्हणून कंपनीची खूण नव्हती तर! पुसली गेली नव्हती, आधीपासूनच नव्हती. लोलक यांनी विचारलं तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं.

घड्याळवेडा
जिंकण्याहरण्याचं राहू द्या. खरं सांगायचं तर ती ओळ वाचल्यापासून मलाच तो कागद काढवत नाहीये. कुणा घड्याळजीने कागद कापला, मधलं भोक पाडलं, डिंक लावून बसवला आणि मागे लिहून ठेवलं. आकडे मी पुन्हा भिंगाखाली पाहिले. नऊचा आकडा किंचित तिरका लागलाय. कदाचित हाताने काढलेले असतील.

घड्याळवेडी
आणि माझं उलट झालंय! मी 'मूळची' म्हणून अडून बसले होते, तो आधारच गेला. आता याचं म्हणणं मला पटायला लागलंय की जर आधी एकाने बदलली, तर आणखी एकदा बदलायला काय हरकत आहे. काल रात्री जेवताना मी त्याची बाजू मांडत होते आणि तो माझी.

लोलक
तुम्हा दोघांचंही म्हणणं राखता येईल. जुनी वस्तू जपणारे लोक एक नियम पाळतात: जे कराल ते परत काढता आलं पाहिजे. जुनी तबकडी आहे तिथेच राहू द्या. तिचा सरळ समोरून, सावली न पडता फोटो काढा आणि त्यावरून पुसलेले आकडे भरून जाड कागदावर नवी तबकडी छापा. ती जुनीच्या वर नुसती ठेवायची. कडेला काचेच्या कड्याखाली दाबली जाते, डिंक लागत नाही. मधलं भोक मात्र काट्यांच्या नळीपेक्षा जरा मोठं कापा, आणि काटे कागदाला घासत नाहीत ना ते बघा, नाहीतर घड्याळ थांबेल आणि तुम्ही कारण मशीनमध्ये शोधत बसाल.

आणि हो, नऊ तिरकाच ठेवा.

वास्तुजिज्ञासू
हा मार्ग मला फार आवडला.

सातारी_ठाण्यात
दोघांनी मिळून जमवायचं म्हटलं की मला पुण्याचं केळकर संग्रहालय आठवतं. दिनकर केळकर आणि कमलाबाई, दोघांनी मिळून आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, भांडी जमवली आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. पुढे ते सगळं सरकारला देऊन टाकलं. घड्याळवेड्या दांपत्याने पुढचा विचार केलाय का? मुलांना आवड आहे का?

घड्याळवेडी
मुलगी बंगळुरूला असते. तिला एक घड्याळ हवंय, एकच, सेइकोशा, कारण लहानपणी शाळेला जायची वेळ ती त्यात बघायची. बाकीच्यांचं अजून ठरलं नाही. पण ही मोडीची ओळ वाचल्यावर आम्ही एक वही घातली आहे. कुठून आणलं, त्याआधी कुणाचं होतं, काय बदललं, कुणी बदललं, सगळं त्यात लिहायचं. पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे वहीचं ते पान जाईल.

खाडीपल्याड
वहीची कल्पना उचलतोय. एक भर घालतो, परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचा विचार कुणी करत असेल तर. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तूत मोडते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुनं घड्याळ बॅगेत टाकून विमानतळावर जाऊ नका.

घड्याळवेडा
ताजी खबर. तबकडी छापून आली. लोलक साहेब सांगतात तशी नुसती ठेवली आहे, जुनी खाली जशीच्या तशी. बसवल्यावर घड्याळ थोड्या वेळाने थांबायला लागलं. काटा घासत नव्हता. पेटी भिंतीवर एका बाजूला कललेली होती, टिक आणि टॉक यांच्यात अंतर सारखं पडत नव्हतं. खालचं टोक केसभर डावीकडे सरकवलं आणि चाल सुधारली. दिवसाला दीडेक मिनिट मागे पडतंय, लोलकाखालची चकती वर घेऊन बघतो.

फळीवर आम्हीही पेन्सिलीने एक ओळ लिहिली. तिने मजकूर सांगितला, मी लिहिला: 'जुनी तबकडी खाली आहे, काढू नये.'

मोडीवाचक
मोडीत लिहून हवी असेल तर कित्ता पाठवतो.

घड्याळवेडी
पाठवा, पाठवा! त्या खालीच लिहू.

कळव्याहून
आणखी एक विचारू का? टोले जुळले, पण चावी सैल बसते, फिरवताना सटकते. बाजारात नवी मिळेल का? माप कसं घ्यायचं?

लोलक
मिळते. आसाच्या चौकोनी टोकाची जाडी व्हर्नियर कॅलिपरने दोन समोरासमोरच्या बाजूंमधून मोजा, कोपऱ्यांमधून नाही. सैल चावी वापरत राहू नका, चौकोनाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलीच चावी पकडत नाही. सटकताना कमान उलटा झटका देते, तेव्हा बोटं जपा.

घड्याळवेडा
कळवा ते नौपाडा काही लांब नाही. आमच्याकडे जुन्या किल्ल्यांचा मोठा जुडगा आहे. घड्याळ आणू नका, नुसतं माप घेऊन रविवारी सकाळी या, एखादी बसेलच.